हजेरी सहायक

"मावशी, बोट कपाळाला घासा जरा."

मावशींनी उजव्या हाताचं पहिलं बोट कपाळावर, कुंकवाला धक्का लागणार नाही अशा बेतानं घासलं आणि पुन्हा काचेवर टेकवलं. काचेखालचा हिरवा उजेड लुकलुकला आणि लाल झाला. मशीनमधली बाई इंग्रजीत काहीतरी म्हणाली. तिचं काय म्हणणं आहे ते कळावं म्हणून मावशी मशीनवाल्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग डावं बोट झालं, मधली बोटं झाली, दोन्ही अंगठे झाले. प्रत्येक बोट तीनदा टेकवायचं आणि तिन्ही वेळा ते एकसारखं उमटलं तरच मशीन ते नोंदवून घेतं. मावशींचं एकही बोट त्याला तीनदा एकसारखं दिसेना.

"लागंना गेलंय, सर," मशीनवाला शाखाधिकाऱ्यांना म्हणाला. "यांच्यासाठी कार्ड घ्या, नाहीतर रजिस्टर ठेवा."

"वीस वर्सं झाली की रे बाळा फिनेलात हात घालून," मावशी हसून म्हणाल्या. "कुठलं ऱ्हातंय बोट?"

नांदेडच्या वजिराबाद भागातल्या एका पतसंस्थेतली ही श्रावणातली सकाळ. संस्थेचं किंवा माणसांचं नाव छापायचं नाही, ही बोली आधीच झाली होती. मशीनवाला मूळचा अहमदपूरकडचा, आयटीआय झालेला, तिशीच्या आतबाहेरचा. जुन्या ओम्नीत ड्रिल, निळ्या केबलची वेटोळी, बारा व्होल्टचे ॲडॉप्टर आणि खोक्यातली मशीनं घालून तो नांदेड ते लातूर या सुमारे १४० किलोमीटरच्या रस्त्यावर फिरत असतो. त्याच्याबरोबर मी दोन दिवस हिंडलो. मशीन चांगलं की वाईट, हा माझा प्रश्न नव्हता. आमच्या भागात ज्याच्या हातात मस्टर त्याच्या हातात माणूस, हे मी लहानपणापासून बघत आलोय. ते मस्टर आता कुणाच्या हातात गेलं, एवढं मला बघायचं होतं.

मशीनचं काम समजायला सोपं आहे. बोटाचा फोटो ते जपून ठेवत नाही. बोटावरच्या रेषा कुठं संपतात, कुठं फुटून दोन होतात, अशा काही खुणा ते टिपतं आणि त्यांचे आकडे करून ठेवतं. दुसऱ्या दिवशी बोट टेकलं की नवे आकडे जुन्यांशी ताडून बघतं. कातडी फार कोरडी पडली की कडा काचेला नीट लागत नाहीत. कपाळाचं तेल बोटाला लावायचा हा घरगुती उपाय मराठवाड्यातला प्रत्येक रेशन दुकानदार जाणतो. फिनेल, ब्लीचिंग पावडर, सिमेंट, कापसाची बोंडं, जळणाच्या काट्या यांनी घासलेल्या बोटांवर मुळात रेषाच उरत नाहीत. तिथं कपाळही कामाला येत नाही. म्हणजे जे दिवसभर हातानं राबतात त्यांचाच हात मशीनला ओळखू येत नाही. लग्नसराईत एखादी मुलगी कोपरापर्यंत मेंदी काढून आली की तिच्याही बोटाला मशीन अडतं. पण मेंदी पंधरा दिवसांत उतरते.

नोंद झाली की ते आकडे इंटरनेटवरून वर जातात. वर म्हणजे कुठं, हे शाखाधिकाऱ्यांना सांगता आलं नाही. त्यांनी हात वर करून पंख्याकडं बोट दाखवलं. मशीनवाला हसला, म्हणाला, "क्लाउड हो, सर." नांदेडला घेतलेलं बोट लोह्याच्या, अहमदपूरच्या, चाकूरच्या, लातूरच्या शाखेत आपोआप उतरतं. कॅशिअरची बदली झाली तर त्याला नव्या गावात नव्यानं बोट द्यावं लागत नाही. तो पोचायच्या आधीच त्याचं बोट तिथं पोचलेलं असतं. नेट गेलं तर मशीन नोंदी पोटात ठेवतं आणि लाइन आली की ओकतं. पूर्वी दहा-सव्वादहाला प्रत्येक शाखेतून मुख्य कार्यालयाला फोन जायचा: अमुक आले, तमुक यायलेत, फलाण्याच्या घरी दुखवटा आहे. फोन करणारा शाखाधिकारी स्वतः कुठून बोलतोय हे त्या फोनवर कधी कळलं नाही. एकानं तर सांगितलं, "मी चार महिने रोज एसटीतून शाखा उघडली."

इथं जरा आडवळण घेतो, कारण नांदेड आणि लातूर ही नावं शेजारी लिहिली की आमच्याकडं दुसरंच काही आठवतं. २००९ मध्ये नवं महसूल आयुक्तालय नांदेडला द्यायचं ठरलं तेव्हा लातूर बंद झालं, मोर्चे निघाले, प्रकरण कोर्टात गेलं. एका कचेरीची पाटी कोणत्या गावात लागावी यावरून दोन जिल्हे वर्षानुवर्षं एकमेकांकडं डोळे वटारून बसले. आता दोन्हीकडच्या कचेऱ्यांच्या दारांची नोंद ज्या सर्व्हरवर जाते तो ना नांदेडला आहे ना लातूरला, आणि त्याबद्दल कुणी अजून साधं निवेदनसुद्धा दिलेलं नाही.

बोटाचा ठसा आणि सरकारी अविश्वास यांची सोयरीक जुनी आहे, आणि ती जुळली आपल्याच देशात. १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराशी रस्त्याच्या मालाचा करार केला. सही माझी नव्हेच, असं हा उद्या म्हणेल, या धास्तीनं त्यानं करारावर कोनाईचा अख्खा पंजा उठवून घेतला. पुढं हुगळीला असताना पेन्शन घेणाऱ्यांची बोटं घ्यायला लागला, कारण मेलेल्या माणसांची पेन्शन जिवंत माणसं उचलत होती. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांची कचेरी उघडली. तिथल्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी वर्गीकरणाची पद्धत बसवली आणि जगानं तिला साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं नाव दिलं. काम एकाचं आणि हजेरी दुसऱ्याच्या नावावर, हा प्रकार तेव्हापासूनचा म्हणायचा. त्याच सुमारास तिकडं न्यूयॉर्क राज्यात विलार्ड बंडी नावाच्या जवाहिऱ्यानं कामगारांच्या येण्याजाण्याची वेळ छापणारं घड्याळ केलं. प्रत्येक कामगाराला आपल्या नंबरची किल्ली. त्या घड्याळाची कंपनी इतरांत मिसळत मिसळत पुढं आयबीएम झाली. संगणकाच्या जगातलं एवढं मोठं घराणं, त्याची एक मुळी कारखान्याच्या दारातल्या हजेरीत आहे.

आमच्याकडं घड्याळाचं काम भोंग्यानं केलं. नांदेडच्या उस्मानशाही मिलच्या भोंग्यावर निम्मं गाव उठायचं आणि जेवायचं, असं जुनी माणसं सांगतात. पण मराठवाड्यात हजेरी हा शब्द घराघरांत गेला तो मिलमुळं नाही, दुष्काळामुळं. १९७२ साली पाऊस गेला तेव्हा ज्यांनी कधी दुसऱ्याच्या बांधावर पाऊल ठेवलं नव्हतं ती घरंसुद्धा खडी फोडायला गेली. रोजगार हमीची कामं निघाली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. कामावर मुकादम असायचा आणि त्याच्या काखेत मस्टर. माझी आजी त्या कामावर होती. ती दगडाबद्दल, उन्हाबद्दल, सुकडीबद्दल बोलायची. पण आवाज बदलायचा तो मस्टरबद्दल बोलताना. नाव लागलं का, खाडा तर मांडला नाही ना, शनिवारच्या पगारात दिवस किती धरले. मुकादमाला उलट बोललेल्या बाईचा दिवस कसा गळायचा हे ती नाव न घेता सांगायची. मुकादम मरून गेला होता तरी नाव घेत नव्हती.

ही मस्टरं लिहायला सरकारनं पुढं माणसं नेमली. त्यांच्या पदाचं नाव हजेरी सहायक. गावोगावच्या दहावी-बारावी झालेल्या पोरांनी उन्हातान्हात हजारो मजुरांच्या हजेऱ्या मांडल्या. आणि स्वतःला सेवेत कायम करून घेण्यासाठी, मग पेन्शनसाठी, त्यांनीच वर्षानुवर्षं मोर्चे काढले आणि कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. दुसऱ्याची हजेरी मांडणाऱ्याचं स्वतःचं नाव कुठल्याच पक्क्या मस्टरवर नव्हतं. या लेखाला मी त्यांच्या पदाचं नाव दिलंय. नवा हजेरी सहायक भिंतीवर बसतो आणि मोर्चा काढत नाही.

रोजगार हमीच्या कामावर तो २०२१ मध्ये मोबाइलमधून आला. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढायचा, त्यात ठिकाण आणि वेळ आपोआप नोंदली जाणार. २०२३ च्या १ जानेवारीपासून हे देशभर सक्तीचं झालं. उद्देश असा की खोट्या नावांचं मस्टर बंद व्हावं. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास खात्यालाच राज्यांना पत्र लिहून सांगावं लागलं की कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातायत, फोटोचाच फोटो काढून पाठवला जातोय, बाया आणि पुरुष यांची संख्या जुळत नाही. फोटोचा फोटो! मुकादमाची पेन्सिल जाऊन हातात कॅमेरा आला, एवढंच. आणि जिथं रेंज नाही तिथं खरंच राबलेल्या बाईचा दिवस पूर्वीसारखाच गळाला. फक्त आता रागवायला समोर मुकादमही नाही. "ॲपनं घेतलं नाही," एवढंच उत्तर.

कचेऱ्यांकडं वळू. सरकारी कचेरीत गेल्यावर मराठवाड्यातला माणूस पहिला प्रश्न विचारतो: साहेब आहेत का? कामाचा प्रश्न दुसरा. कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा तीन शब्दांत मिळतं: साहेब दौऱ्यावर आहेत. शिपायानं हे वाक्य म्हणताना खुर्चीच्या पाठीवरचा नॅपकिन सरळ करायचा असतो. साहेब जिल्ह्याच्या गावी राहतात आणि मुख्यालयी राहत असल्याचा घरभाडे भत्ता घेतात, ही तक्रार इथं इतकी जुनी आहे की २०२२ मध्ये आमदार प्रशांत बंब यांनी शिक्षकांच्या बाबतीत ती विधानसभेत मांडली तेव्हा नवल कुणाला वाटलं नाही, वादळ मात्र मोठं झालं. माझे निम्मे मित्र अपडाऊन करतात. लातूरहून औसा, निलंगा, रेणापूर. नांदेडहून भोकर, मुदखेड, लोहा. त्यांच्याही बाजूला तथ्य आहे. मुलांच्या शाळा शहरात, आईबापांचे दवाखाने शहरात, आणि ज्या गावात नेमणूक त्या गावात भाड्यानं मिळण्याजोगी खोली नाही. पण ज्याचा सातबारा अडलाय त्याला या तथ्याचं काय करायचं?

राज्य सरकारनं २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला तेव्हा वेळ वाढवून सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा केली. पंधरवडा जात नाही तोच करोना आला आणि एकाच काचेला सगळ्यांनी बोट लावणं धोक्याचं ठरलं. नवी वेळ आली आणि वेळ मोजणारी मशीनं पिशव्यांत बांधून ठेवली गेली. पुढं बोटाची जागा चेहऱ्यानं घेतली. २०२५ च्या सुरुवातीला मंत्रालयाच्या दारावर चेहरा ओळखणारी यंत्रणा लागली, नंतर भेटायला येणाऱ्यांसाठी 'डिजिप्रवेश' ॲप आलं. अहमदपूरचा शेतकरी पूर्वी मंत्रालयाच्या दारात पासाच्या रांगेत उभा राहायचा, आता त्याच्या पुतण्यानं आधी ॲपवर काम उरकायचं. त्याच वर्षी महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी खात्यातल्या सगळ्यांना फेस ॲपवर हजेरी लावायला सांगितलं. नेमणुकीच्या ठिकाणाभोवती नकाशावर कुंपण आखलेलं, कुंपणाबाहेरून चेहरा दाखवला तर हजेरी लागणार नाही, आणि हजेरी नसेल तर पगार नाही.

तलाठ्यांचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय. त्यांच्यातल्या एकानं मला नांदेड जिल्ह्यातल्या एका सज्जावर चहा पाजत विचारलं, "मी पंचनाम्याला बांधावर जाऊ का कुंपणात उभं ऱ्हाऊ?" सप्टेंबरातला पूर ओसरून दोन दिवस झाले होते आणि सोयाबीन पाण्यात कुजल्याचा वास बाहेरून येत होता. त्याचं म्हणणं खरं आहे आणि अर्धवटही आहे. कारण पूर नसतानाही तो याच प्रश्नामागं उभा राहतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. चहा मात्र चांगला होता.

मशीनची मर्यादा मला सगळ्यात उघड दिसते ती वैद्यकीय महाविद्यालयांत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं अध्यापकांची आधारवर आधारलेली हजेरी सक्तीची केली. १ मे २०२५ पासून बोटाऐवजी चेहरा आणि जीपीएस. नांदेडच्या विष्णुपुरीतलं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, दोन्हीकडं हा नियम लागू. पूर्वी तपासणीच्या दिवशी दुसऱ्या गावाहून डॉक्टर आणून खुर्च्या भरायची चाल देशभर होती. ती मोडायला हा उपाय ठीकच. ज्या शंकररावांचं नाव नांदेडच्या संस्थेला आहे त्यांना शिस्तीपायी अवघा महाराष्ट्र हेडमास्तर म्हणायचा, त्यांनाही तो आवडला असता. पण ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला याच विष्णुपुरीच्या रुग्णालयात २४ तासांत २४ जण दगावले. देशभर बातमी झाली, आणि औषधांचा तुटवडा, खाटांपेक्षा जास्त रुग्ण, रिकाम्या जागा यांची चर्चा सुरू झाली. रिकाम्या जागेला लेट मार्क लागत नाही. जो नेमलेलाच नाही तो गैरहजरही नसतो. मशीनवर सगळे हिरवे दिसतात आणि वॉर्डात एक सिस्टर साठ खाटांमधून पळत असते.

लातूरच्या ट्यूशन एरियात हजेरीचं वेगळंच रूप बघायला मिळतं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला तिथं उभं राहिलं की सायकली, पाठीवरच्या बॅगा आणि मेसचे डबे यांचा पूर येतो. नीटचं स्वप्न घेऊन आलेली ही पोरं नांदेड, बीड, परभणी, हिंगोली, कुठूनकुठून येतात. क्लासच्या दारात बोट किंवा कार्ड लागलं की बापाच्या मोबाइलवर मेसेज जातो: आपला पाल्य वर्गात उपस्थित आहे. मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी आत आल्याची नोंदसुद्धा जाते. निलंग्याजवळच्या एका शेतकऱ्यानं मला त्याचा फोन दाखवला. छोट्या पडद्याचा, बटणांचा. तूर फवारताना मेसेज वाजला की हात पुसून तो बघतो. मेसेज इंग्रजीत. वाचता येत नाही, पण आकार ओळखतो. "दोन ओळीचा आला की पोरगी पोचली. तीन ओळीचा आला की फी." त्याच्यासाठी मशीन पाळत नाही, खुशाली आहे. त्याची मुलगी मात्र म्हणाली, "काका, मी एक दिवस फिरायला गेले नाही का कुठं गेले नाही. क्लासच्या खालीच पायऱ्यावर बसून रडले. मेसेज गेला नाही म्हणून घरून सतरा फोन." शासनानं २०१८ मध्ये विज्ञानाच्या अकरावी-बारावीला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तो उलट कारणानं: पोरं क्लासमध्ये असतात आणि कॉलेजच्या पटावर हजर दिसतात म्हणून. म्हणजे एकाच पोराचं बोट सकाळी कॉलेजला हवं आणि दुपारी क्लासला. पोरगं एकच आणि दिवसही एकच.

आता दाराबद्दल. हजेरीच्या मशीनला दाराचं कुलूप जोडता येतं, आणि बँका-पतसंस्थांना ते हवं असतं. कॅशिअरची केबिन आणि संगणकाची खोली त्या त्या माणसाच्या बोटानंच उघडावी. वरच्या चौकटीला वीतभर लांबीचं विद्युतचुंबक, दाराला पोलादी पट्टी. करंट आहे तोवर पावणेतीनशे किलोच्या ओढीलाही ते सुटत नाही. करंट गेला की दार मोकळं. तिजोरीच्या खोलीला मात्र हे कुणी लावत नाही. तिथं अजून दोन माणसांकडं दोन वेगळ्या किल्ल्या आणि दोघं हजर असल्याशिवाय उघडायचं नाही, हाच नियम. मशीनवाल्याला मी म्हणालो, बघ, खऱ्या पैशाला अजून पितळच लागतं. त्याला हे आवडलं नाही.

करंट गेल्यावर दार मोकळं, हे ऐकायला सुरक्षेच्या उलट वाटतं, पण ते मुद्दाम तसं असतं. आगीत, धक्क्यात माणूस आत अडकू नये म्हणून. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्यांनी किल्लारीत पाहिली त्यांना दार या वस्तूबद्दल काही समजावून सांगावं लागत नाही. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी माळवदं खाली आली तेव्हा कड्या लावून झोपलेल्यांना कडीपर्यंत जाता आलं नाही. २१ मार्च २०२४ ला सकाळी हिंगोलीकडच्या भूकंपानं नांदेडची भांडी वाजली तेव्हा अख्खं शहर चपला न घालता रस्त्यावर होतं. त्यामुळं मी अहमदपूरच्या शाखेत मशीनवाल्याला पहिलं विचारलं, कुलूप कशावर जोडलंस? तो म्हणाला, इन्व्हर्टरवर. लाइट वारंवार जाते आणि दर वेळी केबिन उघडी पडते, म्हणून मॅनेजरच तसं मागतात. म्हणजे ज्या सोयीनं दार सुटायचं ती सोयच काढून टाकली. आतल्या बाजूला काच फोडून दार सोडायची हिरवी पेटी लावायला हवी, ती अंदाजपत्रकात होती, मंजुरीत कापली गेली. मी स्वतः एकदा लातूरच्या एका कचेरीत अशा दारामागं पंचवीस मिनिटं उभा होतो. ज्याचं बोट चालायचं तो जेवायला गेलेला. काचेपलीकडचा शिपाई मला खुणेनं विचारत होता, साहेब आहेत का?

त्या अहमदपूरच्या शाखेत आम्ही असतानाच संध्याकाळी पिग्मी एजंट यायला लागले. दिवसभर दुकानोदुकानी, गाड्यागाड्यांवर फिरून पन्नास-शंभरच्या नोटा गोळा केलेली माणसं. घामेजलेली, खांद्याला छोटं यंत्र. संस्थेचा रोजचा पैसा आणतात तीच. त्यांचं बोट मशीनमध्ये नाही. ते कमिशनवर असतात, नोकर नसतात, म्हणून त्यांना उशीर होत नाही आणि रजाही नसते. मशीन त्यांना ओळखत नाही म्हणून आतून कुणीतरी बटण दाबून त्यांना दार उघडतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण कायद्याबद्दल या रस्त्यावर मला कुणीही काहीही विचारलं नाही. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच नंदुरबारच्या टेंभली गावात दिलं गेलं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना आधार मागता येईल अशी कायद्यातली वाट बंद केली. २०२३ मध्ये माहिती संरक्षणाचा कायदा आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. त्या कायद्यात नोकरीच्या कामासाठी माहिती वापरायला मालकाला मोकळीक आहे. नोकरी सुटल्यावर त्या बोटाचं काय झालं, हे मात्र विचारायला हवं. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट कुठून बदलणार? मी मशीनवाल्याला विचारलं, जुनी मशीनं कुठं जातात? "एक्सचेंजमध्ये घेतो की आपण." आतलं पुसून घेतोस? तो जरा थांबला. "कुणी म्हणलं तर पुसतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही परत नांदेडला मुख्य कार्यालयात आलो. मस्टर कुणाच्या हातात गेलं याचं उत्तर तिथं जिन्याखालच्या टेबलावर सापडलं. पंचविशीतली एक मुलगी, समोर मॉनिटर, बाजूला अर्धा खाल्लेला पेरू. सगळ्या शाखांचा लॉगिन तिच्याकडं. रोज सकाळी तिच्यापुढं यादी येते: अमक्याचा इन पंच आहे, आउट नाही, तमका नऊ मिनिटं उशिरा, एका शाखेत सगळेच गैरहजर, म्हणजे तिथलं नेट बंद. मग व्हॉट्सॲपवर विनवण्या सुरू होतात. ताई, थंब मारायचा राहिला. ताई, एसटी फेल झाली. ताई, लोह्याला जत्रेची गर्दी होती. तिनं माउसनं एक खूण केली की तो दिवस भरला, नाही केली तर गेला. तीन लेट मार्कला एक किरकोळ रजा, हा सरकारी हिशेब इथंही चालतो. पूर्वी हे लाल शाईनं व्हायचं आणि खाडाखोड सगळ्यांना दिसायची. मस्टर टेबलावर पडलेलं असायचं, कुणीही उलटून बघावं. आता कुणाचा दिवस कुणी भरला हे तिला आणि तिच्या वरच्या साहेबांना दिसतं. त्या वरच्या साहेबांचं बोट मशीनमध्ये आहे का, असं मी विचारलं. तिनं पेरूचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "त्यांना व्हीआयपी ग्रुपमध्ये टाकलेलंय. पंच नसला तरी प्रेझेंटच दिसतात."

ती वाईट मुलगी नव्हती. एका शिपायाच्या बायकोचं बाळंतपण होतं त्या आठवड्यात तिनं त्याचे चार दिवस न विचारता भरले होते, ते तिनं मला अभिमानानं दाखवलं. आजीच्या कामावर ती असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. पण उद्या या खुर्चीवर दुसरं कुणी आलं तर काय, हेही लगेच मनात आलं. चांगल्या मुकादमाच्या भरवशावर आजीच्या काळातही काही बायांचे दिवस भरतच होते.

निघताना वजिराबादच्या शाखेत डोकावलो. दारालगत मशीन, त्याच्या शेजारी खिळ्याला सुतळीनं बांधलेलं दोनशे पानी रजिस्टर आणि सुतळीलाच अडकवलेला बॉलपेन. कार्डाचे पैसे मंजूर झाले नव्हते. मावशी फरशी पुसून आल्या, हात पदराला पुसले आणि रजिस्टर उघडलं. पूर्वी पगाराला अंगठा द्यावा लागायचा तेव्हा लाज वाटायची, म्हणून साक्षरतेच्या रात्रीच्या वर्गाला जाऊन सही शिकले, असं त्यांनी सांगितलं. मशीन येणार म्हणल्यावर पहिल्यांदा त्याच आठवणीनं पोटात गोळा आला होता. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर जोडत, वेलांटी मागं ओढून नाव लिहिलं. वेळेच्या रकान्यापाशी थांबल्या. मशीनवर ९:१७ होते आणि भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं.

"कोणतं खरं धरू?" त्यांनी विचारलं. मग उत्तराची वाट न बघता भिंतीवरच्या घड्याळातली वेळ लिहिली आणि बादली उचलली.